गरज आधी, धडा मागून

चेन्नईच्या नैर्ऋत्येला, कांचीपुरम जिल्ह्यात, वंडलूरहून वालाजाबादकडे जाणारा रस्ता आणि श्रीपेरुंबुदूरहून सिंगपेरुमाळ कोइलकडे जाणारा रस्ता एकमेकांना छेदतात, तिथे ओरगडम आहे. मराठी वाचकाने चाकण डोळ्यांसमोर आणावे, म्हणजे या गावाचे आजचे रूप कळेल. २०१० मध्ये इथे रेनो-निस्सानचा मोटार कारखाना सुरू झाला, २०१२ मध्ये डाइमलरच्या भारतबेंझ ट्रकचा आणि २०१३ मध्ये रॉयल एनफील्डचा. इथून निघालेली मोटरसायकल कधी ना कधी साताऱ्याच्या, सांगलीच्या किंवा नांदेडच्या एखाद्या गॅरेजात उभी राहते आणि तिचे पुढचे आयुष्य त्या गॅरेजमधल्या मिस्त्रीच्या हातात असते. हा मिस्त्री वर्षानुवर्षे इंजिन कानाने ओळखत आला. १ एप्रिल २०२० पासून देशात वाहनांच्या धुराचे नवे निकष आले. चौथ्या टप्प्यावरून पाचवा गाळून आपण थेट सहाव्या टप्प्यावर गेलो, आणि या मिस्त्रीच्या हातातला एक जुना भाग जवळजवळ नाहीसा झाला. तो भाग म्हणजे कार्बोरेटर. रोजच्या वापरातले तंत्र माणूस केव्हा आणि कसे शिकतो, हे पाहायला या घटनेइतके चांगले उदाहरण शोधून सापडायचे नाही.

कार्बोरेटरचे काम समजायला सोपे आहे. इंजिन हवा ओढते, ती हवा एका अरुंद नळीतून जाताना तिचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो, त्या कमी दाबाने पेट्रोल बारीक छिद्रातून वर खेचले जाऊन हवेत मिसळते. मिश्रण कमीजास्त करायला एक स्क्रू असतो. पेचकस घ्यायचा, स्क्रू अर्धा फेरा फिरवायचा, आवाज ऐकायचा, पुन्हा पाव फेरा मागे. चूक झाली तर लगेच कळते आणि लगेच सुधारता येते. नव्या गाड्यांत पेट्रोल किती सोडायचे हे एक लहानसा संगणक ठरवतो. हवेचे तापमान किती, ॲक्सिलरेटर किती पिळला आहे, सायलेन्सरमधून जाणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरला आहे, अशा गोष्टी निरनिराळे सेन्सर त्याला सांगत राहतात आणि इंजेक्टर किती क्षण उघडा ठेवायचा याचा हिशेब तो सतत करत राहतो. इथे फिरवायला स्क्रू नाही. गाडी धक्के देते तेव्हा दोष पेट्रोलच्या पंपात आहे, सेन्सरमध्ये आहे, की उंदराने कुरतडलेल्या वायरीत, हे कानाला कळत नाही. स्कॅनर जोडावा लागतो, त्यावर आलेला दोषाचा क्रमांक वाचावा लागतो, आणि तो क्रमांक ज्या भागाकडे बोट दाखवतो तोच भाग खरोखर बिघडला आहे का, हे मीटरने तपासावे लागते.

आता विचार करण्यासारखी गोष्ट अशी, की हे तंत्र २०२० मध्ये आकाशातून पडले नव्हते. रॉयल एनफील्डची क्लासिक ५०० ही गाडी २००९ मध्ये इंधन-इंजेक्शनसहच आली होती, आणि मोटारींतून कार्बोरेटर त्याच्याही आधी गेला होता. मग दुचाकीच्या मिस्त्रीने ही विद्या दहा वर्षे अगोदर का शिकून ठेवली नाही? या प्रश्नाचे जे उत्तर आपण सहज देतो, म्हणजे आळस, भीती, शिक्षणाचा अभाव, ते मला साफ चुकीचे वाटते. ज्याच्या दारात येणाऱ्या बहुतेक गाड्यांना कार्बोरेटर आहे, त्याने स्कॅनरवर पैसे घालून ते वर्षभर कपाटात ठेवावे, यात शहाणपण कसले? शिकायला वेळ लागतो, वेळ म्हणजे मजुरी, आणि न वापरलेली विद्या टिकत नाही. गाड्या बदलल्या, गिऱ्हाईक दारात उभे राहिले, तेव्हा तो शिकला. कोणी मोठ्या गॅरेजमधल्या ओळखीच्याकडून, कोणी कंपनीच्या सेवा केंद्रात काम केलेल्या पोराकडून, कोणी यूट्यूबवरून. माझे म्हणणे एवढेच आहे की रोजच्या वापराचे तंत्र शिकण्याचा हाच स्वाभाविक क्रम आहे. ज्यांच्यावर शिकवण्याची जबाबदारी आहे, त्यांनी शिकणाऱ्याला हा क्रम सोडायला लावण्यापेक्षा स्वतः त्या क्रमाप्रमाणे उभे राहायला हवे.

या म्हणण्याला जुना आधार आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्मरणावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्याने स्वतःवरच प्रयोग करून अर्थहीन अक्षरगट पाठ केले आणि ते किती वेळाने किती उरतात ते मोजले. एका दिवसात सुमारे दोन तृतीयांश भाग पुसला गेला होता. आपण अर्थ असलेल्या गोष्टी इतक्या झपाट्याने विसरत नाही. पण ज्याला कधी बँकेचे ॲप वापरायचे नाही, त्याला त्या ॲपमधले बारा पर्याय म्हणजे एबिंगहाउसचे अर्थहीन अक्षरगटच. शंभर वर्षांनी, १९८० च्या दशकात, आयबीएमच्या संशोधन केंद्रात जॉन कॅरल आणि त्यांचे सहकारी कार्यालयातली माणसे संगणकावर टंकलेखन कसे शिकतात हे पाहत होते. माणसे माहितीपुस्तक वाचतच नव्हती. त्यांना पत्र लिहायचे असे, म्हणून ती थेट पत्र लिहायला लागत, अडली की पुस्तक चाळत, तेवढ्यापुरते पाहून पुन्हा कामाला लागत. कॅरल यांनी माणसांना दोष न देता पुस्तकच बदलले. कामापासून सुरू होणारे आणि चुकल्यावर परत कसे यायचे ते सांगणारे छोटे पुस्तक त्यांनी तयार केले, आणि ते वापरणारे जाडजूड पुस्तकवाल्यांपेक्षा लवकर शिकले. या विषयावरच्या १९९० मधल्या आपल्या ग्रंथाला त्यांनी न्यूरेंबर्गच्या नरसाळ्याचे नाव दिले. डोक्याला नरसाळे लावून विद्या ओतता येते, अशी एक जुनी जर्मन थट्टेची कल्पना आहे, तिच्यावरून. आपल्याकडच्या कितीतरी प्रशिक्षणवर्गांची बैठक अजून या नरसाळ्याचीच आहे.

कारखान्यांना हे फार पूर्वी कळले, कारण तिथे चुकीची किंमत त्याच पाळीत दिसते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांत हजारो नवखी माणसे आली. त्यांना लवकर तयार करण्यासाठी १९४० मध्ये एक योजना सुरू झाली. तिच्यात काम शिकवण्याच्या चार पायऱ्या होत्या: शिकणाऱ्याची तयारी करून घ्यायची, काम करून दाखवायचे, त्याच्याकडून करून घ्यायचे, आणि नंतर पुन्हा येऊन त्याचे कसे चालले आहे ते पाहायचे. युद्धानंतर ही पद्धत जपानी उद्योगांनी उचलली आणि आपल्याकडच्या वाहन कारखान्यांतही तिचे वंशज दिसतात. नव्या कामगाराला असेंब्ली लाइनवर सोडण्याआधी ‘डोजो’ नावाच्या सरावाच्या जागेत नेतात. तिथे मोटार कशी चालते यावर व्याख्यान नसते. उद्या ज्या जागी उभे राहायचे आहे तिथला बोल्ट किती जोराने आवळायचा, वायरीचे टोक बसल्याचा ‘टिक’ आवाज कसा ओळखायचा, एवढेच तो हाताने पुन्हा पुन्हा करतो. त्या चार पायऱ्यांपैकी चौथी लक्षात ठेवावी. तिच्याकडे मला परत यायचे आहे.

आता सार्वजनिक प्रशिक्षणाकडे पाहू. महाराष्ट्रात २००२ पासून एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम घरोघरी पोहोचला. तालुक्याच्या गावातल्या मुलाने पहिल्यांदा माउस हातात धरला तो बहुधा याच वर्गात, आणि ते श्रेय मोठे आहे. ज्याला नंतर लगेच संगणकावर काम मिळाले त्याला वर्ग फळला. ज्याने सरकारी नोकरीची अट म्हणून प्रमाणपत्र मिळवले आणि फायलींतच काम करत राहिला, त्याच्याकडे काही वर्षांनी प्रमाणपत्रच उरले. केंद्र सरकारने २०१७ मध्ये ग्रामीण भागासाठी डिजिटल साक्षरता अभियान सुरू केले. १४ ते ६० वयाच्या माणसांना २० तासांचे शिक्षण, प्रत्येक घरातून एक जण, एकूण लक्ष्य ६ कोटी. मार्च २०२४ मध्ये अभियान संपले तेव्हा सुमारे ६ कोटी ३९ लाख लोक प्रशिक्षित झाल्याची नोंद होती. आकडा पुरा झाला. पण २० तास हे वर्गाच्या सोयीचे माप आहे. संगणक चालू करणे, इंटरनेट शोधणे, ईमेल पाठवणे, पैसे भरणे हे सगळे एका ओळीने शिकवले, तरी त्या महिन्यात शिकणाऱ्याला यातले एकच करायचे असेल किंवा काहीच करायचे नसेल, तर बाकीचे तास एबिंगहाउसच्या हिशेबात जातात.

याच्या शेजारी यूपीआय ठेवून पाहावे. ते एप्रिल २०१६ मध्ये आले. नोटाबंदीनंतरच्या डिसेंबरात त्यावरून महिन्याला सुमारे २० लाख व्यवहार झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यातला आकडा २००० कोटींच्या वर गेला. भाजीवाल्यांसाठी वीस तासांचा वर्ग कुणी भरवला नव्हता. इथे कुणी म्हणेल की नोटाबंदीने गरज निर्माण केली, म्हणून लोक शिकले. हे अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे ठाणे जिल्ह्यातल्या धसईने दाखवून दिले. मुरबाड तालुक्यातले हे गाव १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातले पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले. दुकानदारांना कार्ड घासण्याची यंत्रे मिळाली, शिकवायला माणसे आली. नोटा पुन्हा मिळू लागल्यावर गावाचे व्यवहारही बरेचसे रोखीकडे वळले. टंचाईने लादलेली गरज टंचाईबरोबर ओसरते. पुढे दुकानात जे टिकले ते यंत्राऐवजी छापील कागदावरचा चौकोन, ज्याला दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही सरळ ‘स्कॅनर’ म्हणतात. त्याला वीज लागत नाही, जानेवारी २०२० पासून दुकानदारावर त्याचे शुल्कही नाही, आणि सुट्ट्या पैशांची रोजची कटकट तो मिटवतो. पैसे आल्याचे मोठ्याने सांगणारी पेटी आली तेव्हा गर्दीत फोन पाहण्याचीही गरज राहिली नाही. रोज पंचवीस वेळा येणारी लहान गरज एकदाच आलेल्या मोठ्या संकटापेक्षा जास्त शिकवते, कारण ती सरावही पुरवते.

शेतकऱ्यांच्या बाबतीत ई-पीक पाहणीने हेच दाखवले, आणि त्यातला काच पण दाखवला. पूर्वी पिकांची नोंद तलाठी करत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून, मोबाइलमधून पिकाचा फोटो काढून ती नोंद सातबाऱ्यावर पाठवायची अशी सोय झाली. नुकसानभरपाई, पीकविमा, हमीभावाने खरेदी या साऱ्यांना ही नोंद लागते, म्हणून ज्यांनी आयुष्यात फोन उचलणे आणि ठेवणे एवढेच केले होते त्यांनीही गट क्रमांक निवडायला आणि फोटो चढवायला शिकून घेतले. पण ही गरज हंगामात एकदा येते. खरिपात शिकलेले रब्बीपर्यंत पुसट होते, मधल्या काळात ॲपची नवी आवृत्ती येते, शिवारात नेटवर्क नसते, मुदत संपत आलेली असते. मग शेजाऱ्याचा मुलगा दहा जणांच्या नोंदी करून देतो. गरज होती, तरी शिकणे मुरले नाही. तेव्हा गरज आली की सगळे आपोआप होते असे मी म्हणत नाही. गरजेच्या वेळी शिकवणारा शेजारी असावा लागतो आणि तो दुसऱ्यांदाही यावा लागतो.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप असा, की काही गरजा शिकायला सवड देत नाहीत. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयाच्या लोकांचे लसीकरण सुरू झाले तेव्हा को-विन संकेतस्थळावर आधी वेळ घेणे सक्तीचे होते. जागा खुल्या होत आणि काही क्षणांत भरून जात. ज्याला ओटीपी म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते, त्याला त्या क्षणी शिकून घे म्हणणे क्रूरपणाचे होते. सर्वोच्च न्यायालयानेही तेव्हा या सक्तीवर आणि तिच्यामुळे मागे राहणाऱ्यांवर सरकारला प्रश्न विचारले, आणि पुढे थेट केंद्रावर जाऊन नोंदणी करण्याची मुभा मिळाली. हा आक्षेप मला मान्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. २०१९ मध्ये कितीही वर्ग भरवले असते तरी त्यांत को-विन शिकवता आले नसते, कारण ते तेव्हा नव्हतेच. जिथे जीव अडकलेला असतो तिथे तंत्र येत असल्याची अटच नको; खिडकीवर एक माणूस हवा. ओरगडमच्या परिसरातल्या कारखान्यांत आणि बांधकामांवर बिहार, ओडिशा, आसाममधून मजूर येतात. तमिळनाडू ऑक्टोबर २०२० मध्ये ‘एक देश, एक रेशनकार्ड’ व्यवस्थेत सामील झाला. अशा मजुराला ही व्यवस्था वापरायला कुठलेही ॲप शिकावे लागत नाही. दुकानदाराच्या यंत्रावर कार्डाचा किंवा आधारचा क्रमांक सांगायचा, बोट ठेवायचे, बस. बोटाचे ठसे झिजलेल्या मजुराची अडचण यात उरतेच, पण शिकण्याचे ओझे ग्राहकावरून उचलून व्यवस्थेवर ठेवण्याची दिशा योग्य आहे.

दुसरा आक्षेप धोक्याचा. घाईत शिकणारा माणूस फसतो. ‘तुम्हाला पैसे पाठवतोय, पिन टाका’ असे सांगून खाती रिकामी केली जातात, कारण पैसे घ्यायला पिन लागतच नाही हे समोरच्याला कळलेले नसते. इथे मात्र माझ्या म्हणण्याला स्पष्ट मर्यादा आहे. जिथे पहिली चूकच शेवटची ठरू शकते, तिथे धडा गरजेच्या आधीच हवा. गॅरेजमध्ये आता विजेवर चालणाऱ्या मोटारी येऊ लागल्या आहेत. त्यांच्या बॅटरीचा दाब शेकडो व्होल्टचा असतो आणि तो दाब वाहून नेणाऱ्या वाहिन्या नारिंगी रंगाच्या असतात. कार्बोरेटरचा स्क्रू चुकला तर गाडी फार तर बंद पडते, नारिंगी वाहिनीच्या बाबतीत तसे नाही. त्या वाहिनीला प्रशिक्षण घेतल्याशिवाय हात लावायचा नाही, हे मिस्त्रीने पहिली अशी गाडी दारात येण्यापूर्वी शिकायला हवे. पिन फक्त पैसे देताना, ओटीपी कुणालाही नाही, फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन, हे प्रत्येकाने अगोदर शिकायला हवे. पण पाहा, ही यादी किती छोटी आहे. वीस मिनिटांत सांगून होते. वीस तासांच्या वर्गात हीच वाक्ये ईमेलच्या धड्याखाली दबून जातात.

तिसरी अडचण मला सर्वांत जास्त सतावते. गरज ही मोजून सर्वांना सारखी वाटलेली नसते. ती कुणाला येऊ द्यायची हे घर ठरवते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार स्वतः वापरता येईल असा मोबाइल देशातल्या ५४ टक्के स्त्रियांकडे होता, आणि इंटरनेट कधी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के होत्या, पुरुष ५७ टक्के. रिचार्ज नवरा करतो, तिकीट मुलगा काढतो, बँकेत दीर जातो. अशा बाईला ‘गरज पडेल तेव्हा शिक’ म्हणणे म्हणजे कधीच शिकू नकोस म्हणणे. महाराष्ट्रात २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली. बाईच्या स्वतःच्या खात्यात दरमहा १५०० रुपये येऊ लागले, आणि सप्टेंबर २०२५ पासून ई-केवायसी सक्तीचे झाले. पैसे आले का, आधारला कुठला नंबर जोडला आहे, ओटीपी कुणाच्या फोनवर येतो, हे प्रश्न लाखो स्त्रियांचे स्वतःचे झाले. योजनेच्या राजकारणाबद्दल कुणाचे काहीही मत असो, हातात स्वतःचा पैसा असणे ही तंत्र शिकण्याची पहिली पायरी आहे हे यातून दिसते. शिकवण्याआधी गरज असण्याचा हक्क द्यावा लागतो.

राहिला शेवटचा आक्षेप, कच्चेपणाचा. गरजेपुरते शिकलेला माणूस बटणांच्या जागा पाठ करतो. ॲपचे रूप बदलले की हरवतो. कॅरल यांनीही हे पाहिले होते. कामाच्या ओढीने शिकणारी माणसे एकदा जमलेली लांबची वाटच धरून राहतात, जवळची शोधत नाहीत. स्कॅनरने दाखवलेला सेन्सर डोळे झाकून बदलणारा मिस्त्री याच जातीचा. गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि दोष तसाच राहतो. तत्त्व कळायलाच हवे. मात्र ते कळण्याची वेळ पहिल्या दिवसाची नसते. धुरातल्या ऑक्सिजनचा आणि मिश्रणाचा संबंध काय, हे त्याला तेव्हा समजते जेव्हा बदललेला सेन्सरही चालला नाही आणि तो बुचकळ्यात पडला आहे. प्रश्न त्याच्या डोक्यात तयार असतो, उत्तराला जागा असते. कारखान्यातल्या शिकवणीची चौथी पायरी, पुन्हा येऊन पाहणे, ती याच क्षणासाठी.

आपल्याकडे नेमकी तीच पायरी गळालेली आहे. सेतू केंद्रात, बँक मित्राच्या टेबलावर, रेशन दुकानात रोज कुणी ना कुणी गरज घेऊन येतो. चालक त्याचा फोन हातात घेतो, भराभर अंगठे चालवतो, पावती देतो आणि पुढच्याला हाक मारतो. त्याचा मेहनताना अर्जामागे आहे, शिकलेल्या माणसामागे नाही, तेव्हा त्याला दोष देता येत नाही. प्रशिक्षणावर खर्च होणाऱ्या पैशातला काही भाग या टेबलाकडे वळवावा: फोन मालकाच्याच हातात राहील, बोट त्याचेच चालेल, आणि पुढच्या वेळी तीच व्यक्ती तेच काम स्वतः करून गेली तर चालकाला त्याचे पैसे मिळतील. रांग लांबेल, हे खरे. म्हणून आठवड्यातली एक दुपार, बाजाराचा दिवस सोडून, फक्त दुसऱ्यांदा येणाऱ्यांसाठी ठेवावी.